गवत आणि सब्र

सातवीच्या वर्गात मी एक जुने कॅलेंडर घेऊन गेले होते. त्यावर बर्फाळ डोंगराचे, खडकांच्या ढिगाचे आणि त्या खडकांवर तोंडात गवताचा मोठा घास धरून बसलेल्या एका इवल्या प्राण्याचे चित्र होते. ससा म्हणावा तर कान छोटे आणि गोल, उंदीर म्हणावा तर शेपूट दिसत नाही. त्याचे नाव पिका. तो सशाच्या नात्यातला, उंच डोंगरांत राहणारा. परीक्षा जवळ आल्या होत्या, मुले कंटाळली होती, म्हणून मी सहज म्हणाले, "देखो बच्चो, ना फीस, ना इम्तिहान, ना घर का किराया. जंगल के जानवर को कोई टेन्शन नहीं."

मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, घास नई मिली तो?"

वर्ग हसला. मी त्या मुलाला खाली बसायला सांगितले. त्याला खाली बसायला सांगणे हे माझे रोजचेच काम होते. दोन मिनिटे स्थिर बसायचा नाही. शेजाऱ्याशी भांडायचा, आणि दार जोरात आपटले की दचकून उठायचा. मी त्याला सब्रवर कितीतरी वेळा सुनावले होते. सब्र करनेवालों का दर्जा, सब्र का फल, सगळे काही. सकाळी घरून निघताना तो काय खाऊन येतो, हे मात्र मी वर्षभरात एकदाही विचारले नव्हते. नंतर कळले, चहा आणि दोन टोस्ट. त्यानंतर पोटात जाते ते थेट मधल्या सुट्टीतली खिचडी. बी. एड. ला असताना मॅस्लोचा त्रिकोण मीसुद्धा काढला होता. १९४३ चा सिद्धांत, सगळ्यात खालच्या पायरीवर अन्नपाणी, पट्टीने रेघा मारून, रंग भरून. त्याला पूर्ण गुण मिळाले होते. वर्गात शिरताना तो त्रिकोण बहुधा बाहेर चपलांजवळ राहिला असावा.

असो. मुलाचा प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर शोधायला म्हणून मी वाचू लागले. डोंगरावरच्या प्राण्याला गवत मिळाले नाही, किंवा मिळाले पण निकस मिळाले, तर त्याच्या मनाचे काय होते? मन हा शब्द जनावरासाठी वापरावा की नाही यावर मोठमोठे विद्वान भांडले आहेत. मी त्या भांडणात पडत नाही. शरीराचे काय होते एवढे पाहिले तरी पुष्कळ आहे.

प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. संकट आले की तिच्यातून ग्लुकोकॉर्टिकॉइड नावाची संप्रेरके रक्तात उतरतात. माणसात त्यांपैकी मुख्य म्हणजे कॉर्टिसॉल. ताण हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो रूढ करण्यात हान्स सेली या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. १९३६ साली मॉन्ट्रियलला असताना त्याने दाखवले की उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा किंवा थकवा, संकट वेगवेगळे असले तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा एकच असतो. संकट लांबले की ही ग्रंथी सुजून मोठी होते. पण मला वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. या संप्रेरकाच्या नावातच ग्लुकोज आहे, म्हणजे साखर. त्याचे एक मुख्य कामच हे की, गरज पडली की शरीरातली प्रथिने मोडून रक्तात साखर आणायची. बाहेरून अन्न आले नाही तर आतले घर मोडून चूल पेटवायची. भूक आणि भीती या दोन गोष्टी आपण वेगळ्या मानतो. शरीराने मात्र दोघींसाठी एकच नोकर ठेवला आहे.

थोडा वेळ हा नोकर राबला तर जीव वाचतो. महिनोन्‌महिने राबत राहिला तर स्नायू झिजतात, रोगाशी लढण्याची ताकद घटते, वाढ खुंटते आणि पिल्ले कमी होतात.

आता रानातल्या प्राण्याचा ताण मोजायचा कसा? त्याला पकडून सुई टोचली तर पकडल्याच्याच भीतीने संप्रेरक वाढणार. म्हणून शास्त्रज्ञांनी एक साधी वाट काढली. ते त्याच्या लेंड्या गोळा करतात. संप्रेरकाचे अवशेष विष्ठेतून बाहेर पडतात आणि प्रयोगशाळेत मोजता येतात. त्याच लेंडीत किती नायट्रोजन आहे हे पाहिले तर खाल्लेला चारा किती कसाचा होता याचाही अंदाज येतो. कोवळ्या हिरव्या गवतात प्रथिने जास्त, वाळक्या काडीत कमी. (काही झुडपांतल्या तुरट द्रव्यांमुळे हा हिशेब थोडा चुकतो, तेवढे सांभाळून घ्यावे लागते.) म्हणजे एकाच लेंडीत दोन्ही मजकूर सापडतात, जनावराने काय खाल्ले आणि ते किती तणावात होते. ज्या वस्तूला आपण नाक मुरडतो तिच्यात कुणाची तरी पूर्ण फिर्याद लिहिलेली असते, हे वाचून मला स्वतःच्या नाकाची थोडी लाज वाटली.

पिकाकडे परत येते. हा प्राणी थंडीत झोपून राहत नाही. अस्वलासारखी त्याला हिवाळा उरकण्याची सोय नाही. आपल्या हिमालयात, उत्तराखंडात तुंगनाथच्या वाटेवर खडकांत दिसणारा रॉयलचा पिकाही बर्फाखाली जागाच असतो. त्याचे सगळे आयुष्य एका वर्तुळात बांधलेले. खडकांच्या फटी म्हणजे किल्ला. तिथून दूर गेले की मुंगसाच्या चणीचे शिकारी प्राणी आहेत, वरून ससाणे-गरुड आहेत. म्हणून तो खडकांच्या जवळचेच गवत आधी खातो. ते संपते. चांगले गवत उरते ते लांब, जिथे जायला जीव धजत नाही. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात खडकांच्या कडेने खुरटलेल्या गवताचा असा पट्टा नीट मोजलेला आहे. त्या पट्ट्याची रुंदी म्हणजे पिकाच्या भीतीची लांबी, असे मला वाटते.

पिकाची हुशारीही काही कमी नाही. तिथलाच अमेरिकन पिका उन्हाळ्यात गवत-फुले तोडून खडकांत गंज रचतो. कोलोरॅडोत डेनिस डिअरिंग या संशोधिकेने १९९० च्या दशकात दाखवले की तो एक विषारी वनस्पती मुद्दाम जास्त साठवतो. तिच्यातली द्रव्ये बाकीचा चारा सडू देत नाहीत. महिने गेले की तिचे विष उतरते आणि मग ती खाल्ली जाते. आपल्या आया लोणच्यात जे करतात, तसलेच काहीसे. तिबेटच्या पठारावरच्या पिकाची गोष्ट मात्र लोणच्याइतकी रुचकर नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तो हिवाळ्यात शरीराचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी आखडता घेतो आणि याकचे शेण खातो. थंडीत याकचे शेण हाताशी असते, पचायला सोपे असते, आणि त्यासाठी उघड्यावर फार फिरावे लागत नाही. वर्गात हे सांगितले तेव्हा मुली "छी" म्हणाल्या. मागच्या बाकावरचा मुलगा मात्र काही बोलला नाही.

इथे मला सूरह कुरैशची आठवण झाली. आपल्यापैकी बहुतेकांना ती लहानपणापासून पाठ असते, छोटी असल्यामुळे नमाजात घाईच्या वेळी हमखास आठवते. तिच्या शेवटी दोन नेमतींचा उल्लेख एकत्र आला आहे: भुकेत मिळालेले अन्न आणि भयातून मिळालेली सुरक्षितता. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी का, हा विचार मी कधी केला नव्हता. तो करायला लावला कॅनडातल्या सशांनी.

कॅनडाच्या यूकॉन प्रदेशात क्लुएन नावाचा भाग आहे, प्रचंड हिमपर्वतांच्या पायथ्याशी पसरलेले जंगल. तिथल्या सशांचे पंजे एवढे रुंद की ते बर्फात रुतत नाहीत. चार्ल्स क्रेब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९८६ पासून एक मोठा प्रयोग केला. एकेक चौरस किलोमीटरचे जंगलाचे तुकडे घेतले. काही तुकड्यांत सशांना जादा खाद्य टाकले. एका तुकड्याला विजेचे कुंपण घालून जमिनीवरचे शिकारी प्राणी बाहेर ठेवले. आणि एका तुकड्यात दोन्ही केले. निकाल १९९५ मध्ये छापून आला. शिकाऱ्यांपासून सुटका झाली तिथे ससे सरासरी दुप्पट झाले. खाद्य वाढले तिथे तिप्पट. मी मुलांना विचारले, जिथे दोन्ही केले तिथे किती? गणितात हुशार असलेली एक मुलगी म्हणाली, पाचपट. दुसरी म्हणाली, दोन त्रिक सहा, सहापट. उत्तर होते अकरापट.

हे अकराचे गणित मला पुष्कळ दिवस सोडत नव्हते. उपाशी सशाला लांब जावे लागते, झुडपाची ओट सोडावी लागते, म्हणून तो जास्त मारला जातो. घाबरलेला ससा झुडपातच बसून राहतो, म्हणून तो कमी खातो. भूक भीतीला पोसते आणि भीती भुकेला. दोघींपैकी एकीला हटवले तर दुसरी तिची जागा थोडी तरी राखून ठेवते. दोघींना एकदम हटवले तरच कुलूप उघडते. त्याच भागात पुढे मायकेल शेरिफ आणि सहकाऱ्यांनी गाभण सशिणींसमोर शिकवलेला कुत्रा नेऊन नुसते भय दाखवले. कुणाला चावला नाही, ओरखडला नाही. तरी ज्यांच्या लेंडीत ताणाचे संप्रेरक वाढले होते त्यांची पिल्ले कमी निघाली, वजनाने हलकी आणि अंगाने लहान निघाली. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे भय आईच्या पोटातूनच वारशाने मिळते. ते पिल्लू पुढे दचकू लागले तर त्याला सब्र शिकवायला कुणी जाऊ नये.

इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. सगळा ताण गवतातूनच येतो असे नाही. इथिओपियाच्या सिमियन पर्वतात गवत खाऊन जगणारी गेलाडा माकडे आहेत, त्यांच्यात नुसत्या थंडीनेही संप्रेरक वाढलेले आढळले आहे. आणि कधीकधी तर निकाल उलटाच येतो. अमेरिकेतल्या यलोस्टोन भागात १९९५-९६ मध्ये लांडगे परत आणून सोडले गेले. त्यानंतर तिथल्या एल्क नावाच्या मोठ्या हरणांची पिल्ले कमी झाली. सगळ्यांना वाटले, भीतीने संप्रेरक वाढले असणार. स्कॉट क्रील आणि त्यांच्या गटाने विष्ठा तपासली तर लांडगे जास्त असलेल्या ठिकाणी ताणाचे संप्रेरक वाढलेलेच नव्हते. घटले होते ते गर्भधारणेसाठी लागणारे संप्रेरक. त्यांचे म्हणणे असे की, लांडगा आला की हरणे उघडे कुरण सोडून झाडीत शिरतात, तिथे चारा हलका मिळतो, आणि अंगावर धरत नाही. यावर पुढे बरेच वाद झाले, दुसऱ्या अभ्यासकांनी वेगळे मत दिले. पण मला त्यातला एक मुद्दा पटला. भय नेहमी छातीच्या धडधडीतच दिसेल असे नाही, ते ताटातही दिसू शकते. बाहेरून शांत दिसणारे जनावर आतून रिकामे होत असू शकते. आपल्या मोहल्ल्यातल्या काही बायका मला आठवल्या. त्यांच्याविषयी सगळे म्हणतात, बडी साबिर है.

पण माझ्या विचाराला खरा धक्का दिला तो हत्तींनी. हत्ती बर्फाळ डोंगरावरचा प्राणी नाही, तरी सह्याद्रीच्या रांगेतला आहे आणि आपल्या शेजारचा आहे. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरू लागले, दोडामार्गकडच्या शेतकऱ्यांना ते चांगलेच ठाऊक आहेत. कर्नाटकात हासन भागातल्या, शेतात घुसून पीक खाणाऱ्या हत्तींची तुलना राखीव जंगलातल्या हत्तींशी करण्यात आली. हा अभ्यास २०१९ मध्ये आला. कुणालाही वाटेल की माणसांच्या वस्तीत, फटाके-बत्त्या-आरडाओरड्यात राहणारा हत्ती जास्त ताणात असेल आणि संरक्षित जंगलातला निवांत असेल. निघाले उलटे. पीकचोर हत्तींमध्ये ताणाचे संप्रेरक कमी होते. त्यांच्या लिदीवरून दिसले की त्यांचा आहार जास्त कसाचा होता. संशोधकांचा तर्क असा की, चांगल्या अन्नाने त्यांचा ताण शमवला असावा.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. आपण शांत माणसाला नेक समजतो. चेहऱ्यावर नूर आहे, आवाज कधी चढत नाही, म्हणून त्याला मान देतो. अस्वस्थ माणसाला आपण कमजोर ईमानाचा समजतो. हत्तींनी सांगितले की शांतता ही पोटभर उसातूनही येऊ शकते, आणि तो ऊस दुसऱ्याच्या शेतातलाही असू शकतो. हत्तीला दोष नाही. तो मुकल्लफ नाही, त्याच्यावर हिशेब नाही. हिशेब आपल्यावर आहे. मी वर्गात आवाज न चढवता सब्रवर बोलत होते तेव्हा माझ्या पोटात सकाळचा पराठा होता.

कुणी म्हणेल, मग रोजा काय शिकवतो? भुकेतही मन ताब्यात ठेवता येते हेच ना? खरे आहे. मीही दरवर्षी ते अनुभवते, जरी असरनंतर माझा आवाज थोडा वाढतो हे माझी मुले सांगतील. पण रोजाच्या भुकेला मगरिबची वेळ ठरलेली असते. मिनिट छापलेले असते. घरात भजी तळल्याचा वास येत असतो. ती भूक मी निवडलेली आहे, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला माझे ताट झाकून ठेवलेले आहे. फेब्रुवारीत बर्फ खरवडणाऱ्या जनावराला टाइमटेबल कुणी दिलेले नाही. निवडलेल्या भुकेत जे कमावले जाते ते लादलेल्या भुकेकडून मागणे, हा मला आता अन्याय वाटतो. रोजा माफ असणाऱ्यांची यादी फिकहने उगाच केलेली नाही. प्रवासी आहे, आजारी आहे, दूध पाजणारी आई आहे.

आता अवघड भाग. डोंगरावर हिवाळा येतो, गवत वाळते, जनावर रोडावते. यात कुणाचा गुन्हा आहे? कुणाचाच नाही. याला मुसीबत म्हणावे. जुल्म म्हणण्यासाठी कुणीतरी ते गवत घेतलेले असले पाहिजे. आणि घेतलेले असते तेव्हा काय?

हिमाचल प्रदेशात स्पिती नावाचा उंच, कोरडा प्रदेश आहे. तिथे भरल राहतात, ज्यांना निळी मेंढी म्हणतात, जरी ते ना पुरते मेंढीत येतात ना बकरीत. हिमबिबट्याचे ते मुख्य भक्ष्य. गवत हे त्यांचे आवडते खाणे. पण त्याच उतारांवर गावकऱ्यांची गुरे, याक, गाढवे, शेळ्या-मेंढ्या चरतात. कुलभूषणसिंह सूर्यवंशी, यशवीर भटनागर आणि चारुदत्त मिश्रा यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की जिथे पाळीव जनावरांची चराई जास्त, तिथे हिवाळ्यात भरलांच्या खाण्यात गवत कमी होऊन झुडपांचा पाला-काटक्या वाढतात. आणि तिथेच मादीमागे पिल्लांचे प्रमाण कमी असते. त्यांनी तिथे संप्रेरक नव्हे, पिल्ले मोजली. एका अर्थी ती जास्त साफ मोजणी आहे.

हे गवत कोणी घेतले? मेंढपाळाने, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मेंढपाळ कोण? चार महिन्यांच्या उन्हाळ्यात बारा महिन्यांची भाकरी गोळा करणारा माणूस. त्याचे पोरही बहुधा सकाळी चहावरच शाळेत जाते. शिवाय बकऱ्या वाढल्या कशासाठी, हेही पाहावे लागते. मध्य आशिया, मंगोलिया, चीन आणि आपले लडाख इथे बकऱ्यांची संख्या वाढण्यामागे काश्मिरी लोकर, म्हणजे पश्मीना, हिची जगभरातली मागणी हे एक मोठे कारण आहे. २०१३ मध्ये जोएल बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत मिश्राही होते, याविषयी लिहिले: शहरातल्या शालीचा धागा रानातल्या जनावराच्या घासापर्यंत पोचतो. आमच्या गावात दर हिवाळ्यात काश्मिरी फेरीवाले शालींचे गठ्ठे घेऊन येतात. अम्मीसाठी मी एक घेतली होती, भाव पाडून पाडून. "पश्मीना है बाजी, अंगूठी में से निकल जाएगी," तो म्हणाला होता. अंगठीतून ती निघाली नाही. पश्मीना नसावीच, त्या किमतीत ती येतच नाही. तरीही त्या दिवशी मी ती खरी समजूनच घासाघीस केली होती, आणि जितके पैसे मी कापले तितके कुठेतरी एक बकरी जास्त पाळूनच भरून निघणार होते. म्हणजे गवताच्या या चोरीत मेंढपाळ आहे, व्यापारी आहे आणि नियतीने मीही आहे.

आपल्या परंपरेत जनावरांच्या या फिर्यादीला जागा होती. हदीसमध्ये एका उंटाची हकीकत येते. मदिन्यात एका अन्सारीच्या बागेत रसूलुल्लाह गेले, तिथला उंट त्यांना पाहून कण्हला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्यांनी त्याला कुरवाळून शांत केले आणि मालकाला बोलावून सांगितले की हा तक्रार करतो आहे, तू याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की, उंटाच्या अश्रूंचे कारण त्याच्या स्वभावात शोधले गेले नाही. मालकाला विचारले गेले. तसेच बसऱ्याच्या इख्वानुस्सफाने दहाव्या शतकात एक मुकदमाच लिहिला, ज्यात जनावरे जिन्नांच्या बादशहापुढे माणसावर दावा लावतात. मौलवी इकराम अलींनी १८१० साली फोर्ट विल्यम कॉलेजसाठी त्याचे उर्दू केले. आम्ही उर्दूवाले ते नस्र कसे आहे यासाठी वाचतो, जनावरे काय म्हणतात यासाठी कमी. त्या पुस्तकातला निकाल शेवटी माणसाच्या बाजूने लागतो. आज तो दावा लेंड्यांतून पुन्हा दाखल झाला आहे.

स्पितीतल्या किब्बर गावी मात्र एक वेगळी तडजोड झाली. हे गाव सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी मिश्रा आणि त्यांच्या नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनने गावाशी बोलणी केली. गावाने आपल्या कुरणाचा एक तुकडा चराईसाठी बंद केला, त्याबद्दल गावाला मोबदला मिळाला, आणि राखणीला गावातलीच माणसे नेमली गेली. सरकारी हुकूम नाही, कुणाला हाकलणे नाही. पुढच्या काही वर्षांत तिथले भरल वाढले.

हे मी वर्गात फळ्यावर डोंगर काढून सांगितले. मला वाटले होते, गोष्ट इथे छान संपेल. भरलांना गवत मिळाले, गावाला पैसे मिळाले. सहापट म्हणणारी ती मुलगी उभी राहिली. "टीचर, फिर गाँव की बकरियाँ किधर गईं?"

म्हटले, दुसऱ्या उतारावर चरली असतील. गावाकडे कुरण पुष्कळ आहे.

"उधर भी कोई रहता होगा ना?"

मी मागच्या बाकाकडे पाहिले. तो मुलगा यावेळी स्थिर बसून ऐकत होता. तास मधल्या सुट्टीनंतरचा होता.